पर्स ठेवलेली खुर्ची

"उठ वं तिथून. ती खुर्ची पाहुण्याची आहे."

मालगुजाराची सून मला म्हणाली. माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. मी आमच्या गावच्या अंगणवाडीची सेविका. लेकरं मला बाई म्हणतात, लेकरांच्या आयाही बाई म्हणतात. ती मला वं म्हणते. तिच्या घरात आमच्या वस्तीतल्या कोणाला अहो म्हणायची रीतच नाही. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन किती काळ लोटला. रीत गेली नाही.

मी उठले.

त्या दिवशी अंगणवाडीत पहिल्या घासाचा कार्यक्रम होता. सहा महिन्यांची झालेली लेकरं मांडीवर घेऊन आया सतरंजीवर बसतात आणि समितीची अध्यक्षीण चमच्यानं त्यांना मऊ वरणभात भरवते. अध्यक्षीण म्हणजे हीच. समोर चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर ती, एकीवर तिची सासू, एकीवर ग्रामपंचायतीतले साहेब. सासूचे गुडघे दुखतात, गावाला माहीत आहे, म्हणून तिच्या खुर्चीत घरून आणलेली उशी होती. माझ्या मदतनीस शेवंताबाईनं ती आधीच टाकून ठेवली होती. कोणी सांगावं लागलं नाही.

चौथ्या खुर्चीचा पाहुणा आलाच नव्हता.

मी सकाळपासून उभी होते. ओलं लुगडं पिळतात तसं मला मानेपासून कमरेपर्यंत आतून कोणी पिळलं होतं आणि सोडत नव्हतं. म्हणून टेकले. दोन मिनिटं टेकावं, एवढंच मनात होतं.

मी उठल्यावर तिनं आपली पर्स त्या खुर्चीवर ठेवली. कार्यक्रम संपेपर्यंत पर्स तिथंच होती.

मी खाली सतरंजीवर बसले. खाली बसणं म्हणजे माझ्यासाठी काय आहे, ते तेव्हा मी आणि माझ्या घरचे सोडून कोणाला माहीत नव्हतं. कार्यक्रम संपला, सगळे उठले आणि मला उठता आलं नाही. हात टेकला तर मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. गुडघ्यावर आले, पुन्हा बसले. पुन्हा आले, पुन्हा बसले. शेवटी शेवंताबाईनं एक बगल धरली, दुसरी माझ्या पोरीनं. पल्लवी. ती त्या दिवशी भात शिजवू लागायला आली होती.

मला पोत्यासारखं उचललं.

"पाहा नं," मालगुजाराची सून साहेबांना म्हणाली, "सरकारी खिचडीचं वजन आहे. लेकराईची लेकराईले जाते का नाही, काय मालूम."

सगळे हसले. आयाही हसल्या. ज्यांची लेकरं मी रोज सांभाळते त्या.

मीही हसले.

पल्लवी हसली नाही. तिनं माझी बगल आणखी घट्ट धरली. तिथंच जास्त दुखतं, हे तिला माहीत होतं, पण त्या वेळी तिला त्याची आठवण राहिली नाही. घरी गेल्यावर म्हणाली, "आई, तू काहून हसली?"

मी सांगितलं नाही. आता सांगते.

माझे बाबा लहान होते तेव्हा आमची वस्ती बौद्ध झाली. त्याच्या आधी आमच्यातल्या माणसाला मालगुजाराच्या अंगणात बोलावलं, की तो आपला बोरा सोबत घेऊन जायचा. तागाचा, धानाचा रिकामा बोरा. तो खाली टाकून त्यावर बसायचं, आणि जाताना उचलून न्यायचं. त्यांच्या सतरंजीवर तर नाहीच, त्यांच्या सारवलेल्या भुईवरही नुसतं बसायचं नाही. आमच्या घरी दाराजवळच्या खुंटीला आजाचा बोरा टांगलेला असायचा. आजा गेला तेव्हा बाबांनी तो जाळला. तिरडीसोबत नाही. वेगळा, अंगणात.

मग बाबांनी तुमसरच्या बाजारातून एक लाकडी खुर्ची आणली. आमच्या वस्तीतली पहिली. कोणीही घरी आलं की बाबा त्याला त्या खुर्चीत बसवायचे. म्हातारे लोक बसायला लाजायचे, अर्ध्यावर टेकायचे. बाबा म्हणायचे, "पुरा बस नं गा. पुरा."

मालगुजारानं बोलावलं तर बाबा जायचे, पण बसायचे नाहीत. बस म्हटलं तर म्हणायचे, "खुर्ची असन तं बसतो. नसन तं उभा राहतो." मालगुजारही कमी नव्हता. बाबांना उभं ठेवून जेवायला जायचा, झोपून उठून यायचा. बाबा उभेच. सांजेला घरी येऊन पायांना गरम पाणी घ्यायचे. मला सांगायचे, "बाई, त्या अंगणात भुईवर बसू नको. कायमची उभी राहा, चालते. बसू नको."

ती अंगणवाडी मालगुजाराचं अंगण नव्हतं. सरकारची इमारत, सरकारची सतरंजी. पण मी बसले ते त्याच घराच्या शब्दावर. आणि वर हसले. बाबा जिवंत नाहीत हे बरं, असं मला त्या दिवशी वाटलं. बापाबद्दल असं वाटावं, याहून वाईट काय.

बाबांची गोष्ट सांगून मी मोठी होत नाही. बाबांजवळ उभं राहायला पाय होते. मला उभंही राहता येत नाही, खालीही बसता येत नाही. माझ्यासारख्या बाईनं त्या अंगणात काय करावं, हे बाबांनी सांगून ठेवलं नाही.

दुखणं केव्हा सुरू झालं, नेमकं सांगता येणार नाही. पल्लवी सातवी-आठवीत असेल. आधी मान. मग खांदे. मग कंबर, मांड्या, तळपाय. मग असा एक दिवस आला की कुठं दुखतं ते विचारलं तर कुठं नाही ते सांगणं सोपं. बांगड्यांचा भार वाटायला लागला. काचेच्या बांगड्या. साडीची गाठ कमरेला टोचायची. आभाळ आलं की अंग भरून यायचं. सकाळी उठले की रात्रभर कोणाच्या बांधीत धान कापून आल्यासारखी थकलेली. झोपून थकलेली. हे कोणाला सांगावं?

गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावली. म्हणाला, कमजोरी आहे. तुमसरच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला. म्हणाला, काहीच नाही. भंडाऱ्याला रक्त तपासलं. काहीच नाही. एक डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाला, "घरी काही टेन्शन आहे का हो? बायकांना असं होते." मी समोर बसलेली. माझ्याबद्दल नवऱ्याला विचारत होता. नवरा मान खाली घालून बसला, जणू त्यानंच काही केलं.

वस्तीतल्या एका म्हातारीनं करणी उतरवणाऱ्या एका मांत्रिकाचं नाव सांगितलं. मी गेले नाही. माझ्या बापाचं तेवढं राखलं.

आमचे हे तुमसरला राईस मिलमध्ये मशीनवर आहेत. भुश्श्याच्या धुळीत दिवस काढून येतात, डोळे लाल, नाकात भुस्सा. चांगला माणूस आहे, हे मी आधीच सांगते, म्हणजे पुढचं कोणी चुकीचं वाचणार नाही. एकदा सांजेला मी चुलीजवळ भिंतीला टेकून बसले होते, भात झाला नव्हता. ते म्हणाले, "तुले दुखते ते मले दिसत नाही. ताप असता तं हात लावून पाह्यला असता. सांग, मी काय करू?"

त्यांचा हात लागला तरी मी ओरडायचे. प्रेमानं लागला तरी. काही महिन्यांनी त्यांनी आपली खाट समोरच्या सपरीत, बाहेरच्या पडवीत, नेली. भांडण नाही झालं. भांडण झालं असतं तर बोलणं तरी झालं असतं. खाट गेली आणि त्यावर आम्ही दोघंही अजूनपर्यंत बोललो नाही.

नागपूरच्या एका डॉक्टरीण बाईनं शेवटी नाव सांगितलं. तिनं माझी मान, खांदे, छाती, कोपर, गुडघ्याच्या आतली बाजू अंगठ्यानं दाबून पाहिली. नुसता अंगठा. मी ओरडले. दुसऱ्या जागी दाबलं, पुन्हा ओरडले. ती हसली नाही. म्हणाली, "फायब्रोमायल्जिया म्हणतात याला. रिपोर्टमध्ये दिसत नाही. पण दुखणं खरं आहे तुमचं."

दुखणं खरं आहे. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं सलाईन लावून घेतल्या.

ह्यांनी विचारलं, "मंग औषधानं पुरं बरं होईल नं?"

"कमी होईल. कधी वाढेल. यानं माणूस मरत नाही. पण यांना हे घेऊनच जगायला शिकावं लागेल. आणि घरच्यांनाही."

येताना बसमध्ये ह्यांनी दोन-तीनदा ते नाव म्हणून पाहिलं. जमेना. "लोकाईले काय सांगू?" विचारलं.

"कमजोरी सांगा," मी म्हटलं.

इथंच माझी चूक झाली. माझ्या जागी दुसऱ्या घरातली बाई असती, तर तिनं शेजारीपाजारी सांगितलं असतं, मला हा रोग आहे, मला खाली बसवत नाही, खुर्ची द्या. मी नाही सांगितलं. आमच्या वस्तीतल्या बाईनं खुर्ची मागितली की तिच्या पाठीकडं कोणी पाहत नाही. तिच्या जातीकडं पाहतात. याईले आता खुर्ची पायजे, हेच म्हणतात. म्हातारीच्या गुडघ्याला उशी येते, माझ्या पाठीला शब्द येतो. मी म्हटलं, नको. माजली असं ऐकण्यापेक्षा दुखलेलं बरं. बापानं ज्याच्यासाठी दिवस-दिवस उभं राहून काढले, ते मी मागायलाच लाजले. आणि या लाजेला मी सोशिकपणा म्हणत राहिले.

लपवलं तर मी. त्याचं ओझं उचललं पोरीनं.

पल्लवी बारावीत होती तेव्हापासून पाणी ती भरायची, भांडी ती, कणीक ती मळायची. माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत, म्हणून माझे केस ती विंचरायची. लांब केस माझे, दाट. ती सकाळी कॉलेजला जायच्या आधी मागं उभी राहून हळूहळू गुंता काढायची. एका हातानं मुळाशी धरून, म्हणजे ओढ लागू नये. नर्ससारखी. मग अंगणवाडीतही यायला लागली. लेकराला वजनाच्या झोळीत ठेवायला उचलावं लागतं. एकदा माझ्या हातातून एक लेकरू सुटता सुटता राहिलं. झोळीच्या काठावर मी त्याला छातीशी दाबलं आणि तशीच उभी राहिले. लेकरू हसत होतं. त्या दिवसापासून वजन पल्लवी करायला लागली. शेवंताबाईनं पाहिलं. एवढंच म्हणाली, "तू बस बाई, मी पाह्यते."

लेकरांची नावंही मी विसरायला लागले. हजेरी घेताना समोरच्या पोराकडं पाहायचं, नाव जिभेवर, आणि डोक्यात धुकं. एक पोरगी होती, आल्या आल्या धावत येऊन मांडीवर आदळायची. एकदा मी तिला ढकललं. जोरात नाही. पण ढकललं. ती मग धावत आली नाही कधी. दारातून हळू यायची आणि माझ्या चेहऱ्याकडं पाहायची.

पल्लवीला नर्सिंगला नंबर लागला. नागपूरला. जायची तयारी झाली होती. पेटी काढली होती, कपडे ठेवले होते. नेमकं त्या आठवड्यात माझं दुखणं असं वाढलं, की मी खाटेवरून उठून न्हाणीपर्यंत जाऊ शकेना. पल्लवीनं पेटीतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकले. म्हणाली, "पुढच्या वर्षी जाईन आई. एक वर्षानं काय होते."

मला तिला ओरडायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं, जा, मी रांगत जाईन पण तू जा. मी नाही म्हटलं.

मला बरं वाटलं.

हे लिहायला मला फार वेळ लागला. मला बरं वाटलं. पोरीचं वर्ष गेलं आणि तिच्या आईला सुटल्यासारखं वाटलं, की उद्या सकाळी केस विंचरायला कोणीतरी आहे. त्या वर्षात रोज सकाळी ठरवायचे, आज बोलते, यंदा तू जाच. आणि रोज सकाळी गुंता असायचा, ती मागं उभी असायची, आणि मी डोळे मिटून बसायचे.

पहिल्या घासाचा तो कार्यक्रम त्याच वर्षातला. आई, तू काहून हसली. ती मला विचारत होती, तेव्हा तिच्या हातात माझा कंगवा होता.

पुढचा श्रावण आला. पुन्हा नंबर लागायचे दिवस. पल्लवीनं विषय काढला नाही. मीही नाही. ह्यांनी एकदा जेवताना विचारलं, "पल्लवीचं काय?" आणि दोघीही ताटात पाहत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसांत मालगुजाराच्या सुनेचा निरोप आला. पोरीला घेऊन ये.

धानाची रोवणी चालू होती. त्यांच्या अंगणात रोवणीच्या बाया गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन भुईवर बसल्या होत्या, चहा पीत होत्या. त्यांत आमच्या वस्तीतल्याही होत्या. म्हातारी सासू खुर्चीत, तीच उशी. सून बंगईवर बसून पायानं हळूहळू झोका घेत होती. भिंतीजवळ प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या.

"ये. बस," ती म्हणाली आणि हातानं भुई दाखवली.

मी उभी राहिले. पल्लवी माझ्या बाजूला.

"पल्लवी काय करून राहिली आजकाल?"

"घरीच आहे," मी म्हटलं.

"मंग बरं झालं. आमच्या आईचे पाय सुजून राहिले. मले तं वेळ भेटत नाही. हिले सकाळ-सांज पाठवत जाय. पाय चोळून देईल, न्हाऊ घालून देईल. नर्सच व्हायचं होतं नं वं तिले? मंग इथंच शिकून होईल. नागपूरले जायची काय गरज?"

रोवणीच्या बायांतली एक हसली. हसण्यासारखंच होतं. सून वाईट बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की ती आमचं काम सोपं करते आहे.

माझे तळपाय जळत होते. उभं राहून किती वेळ झाला होता.

मग ती बंगई थांबवून म्हणाली, "अन् अंगणवाडीत तुहं काम तं तेच करते म्हणे. मी बोलली का कोणाले? वर सांगतलं का?"

आता कळलं, हे कशाच्या बदल्यात ते. चहाचे कप थांबले होते. आणि माझ्या बाजूनं आवाज आला, हळू, शहाण्या पोरीचा.

"येत जाईन मी," पल्लवी म्हणाली. "एक घंटा तं लागन, आई. येत जाईन."

आणि ती खाली वाकली. बसायला. भुईवर.

माझ्यासाठी बसत होती. माझी नोकरी राहावी म्हणून. मी ज्या सवयीनं हसले होते त्याच सवयीनं. ती सवय तिला कोणी शिकवली, हे मला त्या अंगणात उभ्या-उभ्या दिसलं. मालगुजारानं नाही शिकवली.

"बसू नको," मी म्हटलं.

ती अर्ध्यावर थांबली.

मी भिंतीजवळ गेले. वरची खुर्ची ओढली. निघेना. एकात एक अडकल्या होत्या, पावसानं चिकटल्या होत्या. माझ्या बोटांत जोर नाही, डब्याचं झाकण उघडत नाही माझ्याच्यानं. पल्लवी धावली. "तू थांब," मी म्हटलं. सगळ्या बाया पाहत होत्या. मी पाय लावला खालच्या खुर्चीला आणि वरची ओढली. खांद्यापासून बोटापर्यंत आग. पुन्हा ओढली. सुटली तेव्हा मी पडता पडता राहिले. मग ती ओढत बंगईच्या समोर आणली आणि बसले. पुरी बसले.

श्वास लागला होता. थांबून मग बोलले.

"मले फायब्रोमायल्जिया आहे."

"काय आहे?"

"फायब्रोमायल्जिया. पुरं अंग दुखते. खाली बसलं तं उठता येत नाही. मागच्या वर्षी तुमच्यासमोर उठता आलं नाही, ते खिचडीनं नाही."

मी म्हातारीकडं पाहिलं. तिच्या गुडघ्यांना दुखणं माहीत होतं. तिला कळलं होतं, मला दिसलं. तिनं तोंड फिरवलं.

"पल्लवी येणार नाही," मी म्हटलं. "ती नागपूरले जाऊन राहिली. या महिन्यात."

पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"अन् अंगणवाडीचं काम कोण करन?"

"मी करीन. होते तेवढं. होत नाही ते होत नाही म्हणून सांगीन."

"होत नाही तं नोकरी कायले करते तू?"

याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं. अजूनही पुरतं नाही. मी खुर्चीचे हात धरून उठले, एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं, सगळ्यांसमोर. पोरीनं हात पुढं केला. तो मी धरला. अंगणाबाहेर आल्यावर आमच्या वस्तीतली एक बाई मागून म्हणाली, "कायले वाढवलं वं बाई एवढं? पोरगी गेली असती एक घंटा." तिचं चूक नाही. तिला दुसऱ्या दिवशी त्याच बांधीत उतरायचं होतं.

त्यानंतर काही चांगलं झालं नाही, हेही सांगते.

फॉर्म भरला, पुन्हा नंबर लागला आणि पल्लवी गेली. जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या हातात कैची दिली आणि म्हटलं, काप. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "मंग कोण विंचरन?" तिनं कापले, मानेपर्यंत. कापताना तिचं नाक वाजत होतं. आता मी स्वतः विंचरते, हात जेवढा वर जातो तेवढे. मागचे तसेच राहतात.

ह्यांना त्या अंगणातलं माझं बोलणं पटलेलं नाही. ते पहाटे भात टाकून मिलवर जातात. कधी करपतो. तेल-तिखट घालून दोघंही खातो. एक दिवस भाताचा गंज घासता घासता म्हणाले, "हे असं कितीक दिवस चालन?"

"मरेपर्यंत," मी म्हटलं.

ते गंज घासत राहिले. खाट सपरीतच आहे.

दुखणं वाढलं आहे. काही दिवस मी चालायला शिकणाऱ्या लेकरासारखी भिंत धरून अंगणवाडीपर्यंत जाते. शेवंताबाई म्हातारी होत चालली, तिच्यावर दुप्पट काम पडतं, आणि मी ते बसून पाहते. त्याचीही लाज आहे. पल्लवीचा फोन येतो तेव्हा ती आधी विचारते, "आज किती दुखते?" मी सुरुवातीला म्हणायचे, नाही दुखत. आता खरं सांगते. ती गप्प होते. ती गप्प झाली की मला वाटतं, उद्याच पेटी घेऊन परत येईल. येऊ नको, एवढं म्हणून मी फोन ठेवते.

आणि मालगुजाराच्या सुनेनं वर सांगितलं. मी कामाला लायक आहे की नाही, ते पाहायला बैठक बोलावली आहे. समितीसमोर. अध्यक्षीण तीच. कदाचित काढतील. काढलं तर काय करायचं, मला माहीत नाही. रोवणी होत नाही, विडी वळता येत नाही, मशीनवर कोणी घेणार नाही.

बाबांची खुर्ची असती तर, असं कोणी म्हणेल. ती वाळवीनं खाल्ली, केव्हाच. आमच्या घरी आता एकच आहे, निळी, प्लास्टिकची, एका हाताला तडा गेलेली.

त्या बैठकीत कोणी मला खुर्ची देणार नाही. रिकामी असली तरी तिच्यावर पर्स असेल. म्हणून घरची नेणार आहे. उचलून नेता येणार नाही, तेवढा जोर नाही. ओढत नेईन. आमच्या वस्तीपासून अंगणवाडीपर्यंत सिमेंटचा रस्ता आहे, आणि मध्ये मालगुजाराचं घर. प्लास्टिकची खुर्ची सिमेंटवर ओढली की फार आवाज होतो. लोक दारात येतील. विचारतील, काय झालं वं, खुर्ची कोठी नेऊन राहिली?

मी थांबेन. दर दारासमोर थांबावंच लागेल, दम लागतो. थांबून त्या रोगाचं पुरं नाव सांगेन. आणि पुन्हा ओढेन.

काय ठरवायचं ते त्यांनी ठरवावं. पण माझ्याशी समोरासमोर बसून बोलावं लागेल.